तिरक्या रांगा

ब्लॅकबर्न. मंगळवार, सव्वादहा.
इयत्ता चौथीची एकोणतीस मुलं, दोन बाई,
आणि इमामसाहेबांची नेमकी आजच दाढ ठणकलेली.
म्हणून मी. मेहरुन मुकादम,
मूळची बाणकोटच्या खाडीकाठची,
इथे एकेचाळीस वर्षं, त्यातली सत्तावीस
शाळेच्या खानावळीत कस्टर्ड वाढण्यात.

कमिटीनं कागद दिलाय : इस्लामची ओळख,
पाच मुद्दे, आकडे घालून, चित्रांसकट.
आधी बूट काढा, म्हटलं. हे कागदात नव्हतं.
फळीवर अठ्ठावीस जोड लागले.
डिलन दारातच,
हात खिशात, बूट लादीला खिळलेले.

आत पहिला मुद्दा. देव एकच, म्हटलं.
मग त्याचं चित्र कुठाय? कुणीतरी विचारलं.
मी भिंत दाखवली. रिकामी.
मुलं बराच वेळ बघत राहिली,
जणू तिथे खरंच काही होतं.

मग ती लाल रिबिनवाली :
गालिच्यावरच्या रेघा अशा तिरक्या का?
भिंत एकीकडे, रेघा भलतीकडे.

बाळा, ही मागाची गिरणी होती.
बांधणाऱ्यानं कालव्याकडे तोंड केलं,
मक्का त्याच्या नकाशात कशाला असेल.
माझा नवरा इथेच रात्रपाळीला माग चालवायचा,
यंत्रामागे पुठ्ठा अंथरून नमाज पढायचा,
उठला की कपाळाला कापसाची तूस.
गिरणी बंद पडली, आम्ही वर्गणी काढून घेतली,
तेव्हा होकायंत्र आणि सुतळी घेऊन
तीन संध्याकाळी त्यानंच या रेघा आखल्या.
इमारत वाकडी असेना, म्हणायचा,
माणसानं आपलं तोंड वळवावं.

कागद खिशात गेला तो तिथेच.

रोज्यात पाणीसुद्धा नाही?
पाणीसुद्धा नाही. जूनमध्ये अठरा-अठरा तास,
सूर्य इथला, घरी जायचं नावच घेत नाही,
आणि मी तुमच्यासारख्यांना चिप्स वाढत असायची.
चोरून एक खाल्ली तर? कोण बघतंय?
तेच तर, म्हटलं. तेच तर.

चाळीस पौंड वर्षभर पडून राहिले
तर त्यातला एक आपला नसतोच,
कुणाचा तरी आपल्याकडे ठेवायला आलेला.
याचा हिशेब त्यांना पटकन कळला.
शिक्षिकाबाईंना जरा उशिरा.

मग इनेस, आवाज एवढासा :
माझे आजोबा फेब्रुवारीत गेले.
त्याची पण नमाज असते का?

असते. उभ्या-उभ्याच. वाकायचं नाही,
कपाळ टेकायचं नाही, आणि अजानही नाही.
अजान आधीच होऊन गेलेली असते, आमच्यात म्हणतात,
जन्मल्या जन्मल्या, कानात.
माझ्या इक्बालच्या कानात त्याचा बाप अजान पुटपुटत होता,
तेव्हा नर्सबाई थर्मामीटर हातात धरून थांबली होती,
आयरिश होती, तिनं हळूच क्रॉस केला.
त्या हाकेपासून या नमाजेपर्यंत,
तेवढाच वेळ.

इनेस काही बोलली नाही.
मीही नाही. त्याच्या नमाजेच्या दिवशी
मी वर बायकांच्या खोलीत होते,
जाळीतून फक्त तिरकी रांग दिसत होती,
सुतळीसारखी सरळ.

तेव्हा डिलन आठवला.
अजून दारात. मी जवळ गेले. तो कुजबुजला :
मोज्याला भोक आहे.

चल, म्हटलं, नळ दाखवते.
इथे उभं राहण्याआधी पाय धुतात,
वजू करताना मोजे कुणाच्याच पायात नसतात,
डॉक्टरच्या नाही, टॅक्सीवाल्याच्या नाही.
हात, तोंड, नाक, कोपरापर्यंत बाही वर,
ओला हात केसांवरून.
पाणी थंड होतं, तो किंचाळला, मग हसला,
आणि घोट्यापर्यंत पाय दोनदा जास्तच धुतले.

बस आली. मुद्दे किती झाले, बाईंनी विचारलं.
मोजले नाहीत, म्हटलं.

गालिच्यावर दारापासून ओली पावलं,
आधी सरळ, भिंतीच्या हिशेबानं,
मग रेघ लागली तिथून वळलेली.
दुपारच्या नमाजेला अजून दीड तास होता.
मी व्हॅक्यूम काढला,
आणि तेवढा पट्टा सोडून बाकी झाडून घेतलं.